शस्त्रक्रिया नागपूरला, संसार बेज्जूरला

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी आपल्याकडे जे काही बोलले जाते, ते बहुतेक किलोंत बोलले जाते. किती होते, किती उतरले, किती महिन्यांत उतरले, एवढ्यावर जिज्ञासा संपते. २०११ साली नितीन गडकरी यांनी, भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष असताना, मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, आणि विदर्भात तसेच विदर्भाच्या वेशीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांत या विषयाला उघड तोंड फुटले. तोवर ही श्रीमंतांची हौस समजली जाई. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद ही सुमारे ५०० किलो वजनाची स्त्री विमानाने मुंबईस आणली गेली, तेव्हा तिच्या उतरत्या वजनाचे आकडे क्रिकेटच्या धावफलकासारखे छापून येत होते. त्याच वर्षी सप्टेंबरात अबूधाबीत तिचे निधन झाले. ही दुसरी बातमी किती जणांच्या स्मरणात आहे?

शस्त्रक्रियेला दोन-तीन तास लागतात, रुग्णालयात तीन-चार दिवस जातात. त्यानंतरचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे असते, आणि ते शल्यचिकित्सकाच्या शहरात घालवायचे नसते. बेज्जूरच्या माणसापुढे वाटा दोनच. कागजनगरला जाऊन गाडी धरायची आणि बल्लारशा-चंद्रपूरवरून नागपूर गाठायचे, किंवा उलट दिशेने काझीपेटवरून हैदराबाद. प्राणहितेपलीकडच्या अहेरी भागातील आपल्या सोयऱ्यांची स्थिती काही वेगळी नाही. मोठ्या केंद्रांत शल्यचिकित्सकाबरोबर आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ असा सारा परिवार असतो. रुग्ण परतल्यावर त्या सर्वांच्या जागी गावचा एक डॉक्टर आणि घरची स्वयंपाक करणारी बाई, एवढेच उरतात. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, ही जबाबदारी आपल्यावर येऊन पडलेलीच आहे. ती आपण जाणतेपणी घ्यायची की अजाणता निभवायची, एवढेच ठरवायचे आहे.

हा प्रश्न आपल्या भागाचा नव्हेच, असा आक्षेप येईल. हिवताप, सिकलसेल आणि गरोदर स्त्रियांचा रक्तक्षय यांतून ज्या डॉक्टरला मान वर करता येत नाही, त्याला लठ्ठपणाची चर्चा चैनीची वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भारतीय शरीराचा घोटाळा आपल्याच राज्यभाषेच्या मुलखात उलगडला गेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले व आपल्या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. दोघांचा देहभारांक तंतोतंत २२.३, पण इंग्रजाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून स्थूल, असा हा आपला वंश. म्हणूनच २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी सहमतीने आपल्यासाठी मर्यादा खाली आणल्या. मधुमेहासारखा जोडविकार असेल तर ३२.५ आणि नसेल तर ३७.५ या देहभारांकापुढे शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे ठरले. अमेरिकेत १९९१ पासून हेच आकडे ३५ व ४० असे होते. २०२२ मध्ये जागतिक संघटनांनी त्याही सैल केल्या. गंमत अशी की, आपल्या विमा नियामकाने २०१९ साली नियम बांधले ते मात्र जुन्या अमेरिकन आकड्यांवर. देहभारांक ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर विकार. म्हणजे डॉक्टरच्या दृष्टीने जो रुग्ण पात्र, तो विमा कंपनीच्या दृष्टीने अजून पुरेसा जाड झालेला नसतो. हा खर्च कोणती शेती विकून करायचा, हे मग घरात बसून ठरते.

शस्त्रक्रियेपूर्वीचा काळ आपण दवाखान्यात कसा हाताळतो, हे जरा पाहू. जाड माणूस कोणतीही तक्रार घेऊन आला तरी त्याला पहिले वाक्य ऐकू येते, ‘आधी वजन कमी करा.’ गुडघा दुखो वा कान. वजनकाट्याचा काटा १२० किलोंवर थांबतो आणि त्याला धान्याच्या काट्यावर जाण्याचा सल्ला मिळतो, तोही चारचौघांत. रक्तदाब मोजायची पट्टी जाड दंडाला पुरत नाही, ती ओढून-ताणून बसवली की दाब खोटाच वाढलेला दिसतो आणि नसलेल्या विकाराची गोळी सुरू होते. मोठी पट्टी काही फार महाग वस्तू नाही. असा अपमान सोसलेला माणूस दवाखान्यात येणेच टाळतो. शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे नियमाने तपासणीस येणे हेच ज्याचे औषध, त्याला आपण आधीच दाराबाहेर शिकवून ठेवलेले असते.

आणखी एक गोष्ट आधीच विचारली पाहिजे, आणि ती विचारायला आपण संकोचतो. शस्त्रक्रिया कशासाठी? मधुमेहासाठी, झोपेत अडणाऱ्या श्वासासाठी, झिजलेल्या गुडघ्यांसाठी असेल तर प्रश्नच नाही. परंतु मुलीच्या लग्नासाठी असेल तर? आपल्या समाजात हे कारण दुर्मिळ नाही, आणि ते तुच्छतेने झटकून टाकण्यासारखेही नाही. मुलीचे वय वाढत असते, स्थळे परत जात असतात. पण पुढचा क्रम पाहा. शस्त्रक्रिया होते, सात-आठ महिन्यांत मुलगी ओळखू येत नाही इतकी बारीक होते, लगोलग लग्न ठरते, आणि सासरी शस्त्रक्रियेविषयी बोलायचे नाही असे माहेरी ठरते. वजन झपाट्याने उतरण्याच्या काळात, म्हणजे बारा ते अठरा महिने, गर्भधारणा टाळावी असा सर्वमान्य वैद्यकीय सल्ला आहे. नव्या सुनेला हे सासूला कसे सांगता येणार? ती लोह, कॅल्शियम, बी-१२ च्या गोळ्या लपवून घेते, मग घ्यायच्या राहतात. पुढे दिवस राहिले की साखरेच्या तपासणीसाठी तिला ग्लुकोजचे पाणी पाजले जाते, आणि बायपास झालेल्या स्त्रीला ते प्यायल्याबरोबर घाम, धडधड, घेरी येते. डॉक्टर अशक्तपणा म्हणून टिपण करतो. लपवलेल्या गोष्टीची किंमत अशी दोन जीवांना पडते. शस्त्रक्रिया लपवून लग्न लावू नये, एवढे स्पष्टपणे आपण डॉक्टरांनीच आई-बापांना सांगितले पाहिजे. त्यांना ते दुसरे कोणी सांगणार नाही.

आता शस्त्रक्रियेनंतरचे घर. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी. ‘बायपास’मध्ये जेमतेम ३० मिलीलिटरची पिशवी ठेवून आतडे तिला जोडतात. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. तो भाग गेल्यावर पहिले काही महिने भूक लागतच नाही. ज्या माणसाची उभी हयात जेवणाभोवती गेली, त्याला ताटाकडे पाहून काहीच वाटेनासे होते. सुरुवातीला हे सुख वाटते, नंतर काहींना त्याची पोकळी जाणवते.

यात पहिली ठेच लागते ती आपल्या पंगतीत. आग्रह हा आपला कुळधर्म. यजमानाने जिलबी हातात धरून ‘माझ्यासाठी एक’ म्हणायचे आणि पाहुण्याने नको-नको म्हणत पान पुढे करायचे, ही रीत तेलंगणात तीन-चार पिढ्या काढूनही आपण सोडलेली नाही. सोडूही नये. पण ज्याच्या पोटात चार घासांची जागा आहे त्याला पाचवा घास म्हणजे छातीत कळ आणि उलटी, आणि बायपासवाल्याला जिलबी म्हणजे अर्ध्या तासाची शिक्षा. त्याने पानात टाकले तर अन्नाचा अपमान, खाल्ले तर जिवाचे हाल. अशा माणसाला पंगतीला बसवताना छोटी वाटी आणि मोकळेपण, एवढे द्यावे.

वरण-भाताने पोट भरले की प्रथिनांना जागा उरत नाही, हे स्वयंपाकघरात समजावून सांगावे लागते. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणून मूग, अंडे, दही, घट्ट वरण, पनीर आधी आणि भाकरी-भात शेवटी. पाणी जेवणाबरोबर नको, अर्धा तास सोडून. याच ठिकाणी एक इशारा. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत घरोघरी पोहोचवली. महाराष्ट्र शासनाच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे ते २०१८ साली दूत झाले. तिच्या गुणदोषांत येथे शिरत नाही. पण शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचे पोट दोन जेवणांत दिवसाची प्रथिने सामावून घेऊच शकत नाही. त्याने ती पद्धत धरू नये. साबुदाण्यावरच्या एकादशीचेही तेच.

आता आपल्या व्यवसायबंधूंसाठी दोन शब्द, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारणही हेच. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी वारंवार उलट्या होणारा रुग्ण आपल्याकडे रात्री येतो. आपला हात सवयीने ग्लुकोजच्या बाटलीकडे जातो. शरीरातील थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. तो संपलेला असताना आधी ग्लुकोज गेले तर वेर्निकेचा मेंदुविकार उद्भवतो किंवा बळावतो. डोळे तिरळे, चाल डळमळीत, बोलणे भ्रमिष्ट. त्यातून वाचलेल्यांपैकी काहींची स्मृती कायमची जाते. म्हणून आधी शिरेतून थायमिन, मगच ग्लुकोज. हे इंजेक्शन स्वस्त आहे, ते कपाटात असले पाहिजे. बायपासनंतर पोटात कळा येऊन थांबत असतील तर आतल्या आत आतडे अडकल्याची शंका धरून रुग्णास तात्काळ पाठवावे, ‘गॅस’ म्हणून रात्र काढू नये. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बायपासच्या जोडावर व्रण करतात. कापूस वेचून पाठ धरलेल्या बाईला त्या आपण मुक्तहस्ते देतो, तिच्या पोटावरचे छोटे व्रण आधी पाहावेत. मधुमेहाच्या गोळ्या व इन्सुलिन पहिल्याच आठवड्यात कमी करावे लागतात.

रक्तक्षयाची गोष्ट तर विलक्षण आहे. बारीक, निस्तेज स्त्री समोर आली की बेज्जूरचा डॉक्टर पापणी ओढून पाहतोच. पण नव्वद किलोंची बाई थकवा सांगते तेव्हा तिची पापणी कोणी ओढत नाही. शस्त्रक्रियेनंतरची माणसे स्थूल दिसत असतानाच कुपोषित असू शकतात. कुपोषण ओळखण्यात आपला हात धरणारा शहरात कोणी नसेल. तीच विद्या येथे वापरायची आहे.

मोहाच्या दारूचा उल्लेख टाळून चालणार नाही. बायपासनंतर मद्य रक्तात झपाट्याने चढते. अमेरिकेतील दहा रुग्णालयांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मद्याच्या विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के होते, दुसऱ्या वर्षी ते ९.६ टक्के झाले. वाढ दुसऱ्या वर्षी दिसली, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा रुग्ण बरा झाला म्हणून सर्वांनी लक्ष काढून घेतलेले असते. २००७ सालच्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात बायपास झालेल्यांचे एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी घटले, आणि त्याच वेळी अपघात, आत्महत्या अशा रोगाव्यतिरिक्त कारणांचे मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त निघाले. पहिला आकडा शस्त्रक्रियेच्या बाजूने निर्विवाद बोलतो, आणि मी तिच्या बाजूचाच आहे. दुसरा आकडा घरच्यांना सांगितला जावा, एवढीच अपेक्षा.

मनाचे ओझे गावात वेगळ्या रीतीने वाढते. शहरात बारीक झालेल्या माणसाचे अभिनंदन होते. गावात वर्षभरात चाळीस किलो उतरलेल्या माणसाविषयी कुजबुज सुरू होते की याला क्षय झाला, साखर खाऊन गेली, किंवा तो दुसरा आजार. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात, कातडी लोंबते, आणि कुजबुजीला पुरावा मिळतो. केस बहुधा परत येतात, हे रुग्णाला आधीच सांगितलेले असले तर तो महिना जरा सोपा जातो.

२०२५ साली टिर्झेपेटाइड व सेमाग्लुटाइड ही वजनाची इंजेक्शने भारतात वजनासाठी विक्रीस आली, तेव्हा आता शस्त्रक्रियेचे काय काम, असे काही जण म्हणू लागले. इंजेक्शन थांबवले की वजन बहुतांशी परत येते, आणि मळमळ, उलट्या, घटलेला आहार हे तिथेही आहेच. म्हणजे कपाटातले थायमिन तिथेही लागेल.

मंडळाने या वर्षी एक छोटे काम करावे. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाला खिशात मावेल असे एक कार्ड द्यावे. कोणती शस्त्रक्रिया, कधी, कोणाकडे, कोणत्या गोळ्या वर्ज्य, ग्लुकोजआधी थायमिन, दरवर्षी हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांच्या तपासणीच्या तारखा, शल्यचिकित्सकाचा दूरध्वनी. कार्डाच्या एका बाजूस मराठी, दुसऱ्या बाजूस तेलुगू असावी, कारण रात्री दोन वाजता सलाईन लावणाऱ्या परिचारिकेला बहुधा तेलुगूच वाचता येते.