काचपट्टीवरचा ठिपका

दिवाळी अंकातले पान हलकेफुलके असावे, असा संपादकांचा दरवर्षी प्रेमळ दम असतो. आजवर तो मी निमूटपणे पाळला. फसलेल्या चकल्या, न उडालेले फटाके, भाऊबीजेच्या ताटातला हिशेब यांवर माझी कितीतरी पाने भरली. यंदा मात्र दुसरे काही सुचेचना; कारण यंदाचा श्रावण आमच्या घराने एका काचपट्टीकडे डोळे लावून काढला.

झाले असे, की आमच्या आक्काच्या स्तनात गाठ निघाली. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. शस्त्रक्रिया नीट पार पडली. पण गाठीबरोबर बगलेतल्या दोन-तीन लसिकाग्रंथीही काढल्या होत्या. या ग्रंथी सुजल्या की आपण ‘अवधाण आले’ म्हणतो, त्याच या. स्तनातला रोग पसरायला निघाला, की त्याचा पहिला मुक्काम बहुधा इथेच पडतो. म्हणून त्या तपासायच्या. रिपोर्ट चार दिवसांत मिळणार होता. आठवा दिवस उजाडला तरी पत्ता नाही!

तपासणारा डॉक्टर माझा शाळासोबती, आक्काच्या हातची थालीपिठे खाऊन वाढलेला. फोनवर तो म्हणाला, “अजून दोन दिवस थांब.” मी चिडलो. आक्का मात्र शांतपणे म्हणाली, “चल, आपणच जाऊ. माझी काच मला बघायची आहे.”

काच बघायची म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. शरीरातून काढलेला तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये मुरवतात, मग मेणात बसवतात आणि यंत्राने त्याचे चारेक मायक्रॉन जाडीचे काप काढतात. म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण विसावा हिस्सा! आमच्या घरी काकडीची चकती कोणी एवढी पातळ कापली असती, तर तिचा सत्कारच झाला असता. हा काप काचेवर पसरून दोन रंगांत रंगवतात. पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, बाकीचा भाग गुलाबी. एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टर मंडळी ही जांभळी-गुलाबी नक्षी सूक्ष्मदर्शकातून वाचत आली आहेत.

आता त्यात एक नवा सोबती आला आहे. काचपट्टीचा अतिशय बारीक फोटो काढून तो संगणकाला देतात. दीड सेंटिमीटर लांबीरुंदीच्या तुकड्याचा फोटो ३६० कोटी ठिपक्यांचा होऊ शकतो! संगणक त्याचे लहान लहान चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनाला संशयाचे गुण देतो. जास्त संशय तिथे लाल रंग, कमी तिथे निळा.

“पण त्याला संशय घ्यायला शिकवले कोणी?” आक्काने विचारले.

“आमच्यासारख्यांनीच,” डॉक्टर म्हणाला. “रोग कुठे आहे, ते शेकडो काचांवर डॉक्टरांनी रेघा मारून दाखवले. ते पाहून पाहून तो शिकला.”

मग त्याने हॉलंडमधल्या एका स्पर्धेची हकिगत सांगितली. २०१६ साली तिथल्या संशोधकांनी लसिकाग्रंथींच्या २७० काचांवर संगणकांना शिकू दिले आणि १२९ नव्या काचांवर त्यांची परीक्षा घेतली. त्याच काचा अकरा डॉक्टरांनाही दिल्या; मुदत साधारण दोन तास. म्हणजे काचेमागे एक मिनिटही नाही. निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. उत्तम संगणकांनी या डॉक्टरांना मागे टाकले होते. रोगाचा अगदी बारीक कण असलेल्या काचांपैकी तर अकरांतल्या सर्वांत सरस डॉक्टरच्या नजरेतूनही एकतृतीयांशाहून अधिक निसटल्या.

“पण आणखी एक डॉक्टर होता,” माझा मित्र म्हणाला. “त्याला वेळेचे बंधन नव्हते. त्याने सुमारे तीस तास घेतले आणि पहिल्या पाच संगणकांच्या तोडीस तोड काम केले.”

आक्का एकदम म्हणाली, “अरे, हे तर आमचे पेपर तपासणे झाले! पहिल्या गठ्ठ्यातल्या मुलांना मी नीट वाचायची. शेवटच्या गठ्ठ्याला रात्रीचे बारा वाजायचे. त्या पोरांवर माझ्या हातून अन्याय झाला असणार. आजही मनाला लागते. मला येत नव्हते असे नाही रे, मला वेळ नव्हता.”

डॉक्टर जरा गप्प झाला. मग त्याने पडद्यावर आक्काची काच आणली. जांभळ्या दाण्यांच्या त्या पसाऱ्यात संगणकाने पाच लाल खुणा केल्या होत्या.

“ही पहिली म्हणजे कापाला पडलेली चुणी. ही दुसरी, रंग जास्त बसला आहे. तिसऱ्या आणि चौथ्या जागी काही नाही, साध्या पेशी. संगणकाला चुणीचीही भीती वाटते! दुसऱ्या प्रयोगशाळेतला रंग थोडा निराळा असला, तरी तो गोंधळतो.” मग पाचव्या खुणेवर बोट ठेवून तो हळूच म्हणाला, “आक्का, ही जागा मी पहिल्यांदा पाहिली आणि पुढे गेलो. त्या दिवशी टेबलावर काचांचा ढीग होता. लाल खूण दिसली म्हणून परत आलो. आता खात्री करायला दुसरे रंगकाम लावले आहे. स्तनातून आलेल्या पेशी असतील तर त्या तपकिरी दिसतील. म्हणून दोन दिवस.”

मला त्याचा राग यायला हवा होता. पण ज्याने न विचारता स्वतःची चूक सांगितली, त्याच्यावर रागवायचे कसे?

दोन दिवसांनी ठिपका तपकिरी निघाला. जेमतेम अर्धा मिलिमीटर. माझे पाय गळाले. आक्का म्हणाली, “सापडला ना? मग झाले. न सापडलेल्याशी कोण लढणार?” पुढच्या उपचारांच्या आखणीत तो ठिपका धरला गेला. रिपोर्टाखाली सही मात्र माझ्या मित्राची आहे. संगणक खुणा करतो. सही करत नाही आणि चुकलो असे म्हणायलाही येत नाही.

काल सकाळी आक्का दारात ठिपक्यांची रांगोळी काढत होती. हात अजून पुरता वर जात नाही, तरी हट्ट! मी म्हटले, “आक्का, तिसऱ्या ओळीत एक ठिपका राहिला.” तिने वर न बघता तो टाकला आणि म्हणाली, “बघणारे दोन असले की बरे असते.”

तेव्हा वाचकहो, रिपोर्ट दोन दिवस उशिरा आला तर आमच्यासारखे लगेच चिडू नका. आधी कारण विचारा. कदाचित कोणीतरी तुमच्या काचेकडे दुसऱ्यांदा बघत असेल. ही दिवाळी तुम्हा सर्वांना निरामय जावो.