भिंतीच्या अलीकडचा लढा



मोर्च्यात माणूस पकडला गेला की घोषणा दुमदुमतात. गाडीत चढताना त्याच्या गळ्यात हार पडतो. आठ दिवस त्याच्या खोलीत माणसांची रीघ लागते. आणि नवव्या दिवशी? नवव्या दिवशी किराणावाला उधारीची वही पुढे करतो, पोरगं शाळेतून रडत येतं आणि जिन्यात भेटणारा शेजारी नजर चुकवून निघून जातो. भिंतीपलीकडे गेलेल्या माणसाचा लढा सरकारशी असतो. भिंतीअलीकडे राहिलेल्या त्याच्या बायकोचा, आईचा लढा असतो तुमच्याआमच्या विसराळूपणाशी. आज आम्हाला या दुसऱ्या लढ्याविषयी बोलायचे आहे.

नाशिककरांना हा लढा नवा नाही. १९०९ साली बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, मालमत्ता जप्त झाली. अंदमानातून पत्र यायचे ते वर्षाकाठी एखादे. त्यांच्या पत्नी येसूवहिनी वाट पाहत राहिल्या. १९२१ साली बाबाराव हिंदुस्थानात परत आले तेव्हा येसूवहिनी हयात नव्हत्या. शिक्षा एकाला झाली आणि भोगली दोघांनी! येसूवहिनींच्या नावाने कोणत्या कोर्टाने निकाल दिला होता?

त्यानंतर साने गुरुजी. अंमळनेरचा हा मास्तर नाशिकच्या तुरुंगात होता. फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्याने तिथे ‘श्यामची आई’ लिहून काढली. त्यात इंग्रज सरकारला शिव्या नाहीत. त्यात आई आहे, घर आहे, अंगण आहे. कोठडीतल्या माणसाचे मन कुठे असते याचे यापेक्षा मोठे प्रमाण कोणते? ते घरात असते! म्हणून घरची चार ओळींची खबरबात त्याला भाकरीइतकीच लागते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जानेवारी १९५६ मध्ये धरपकड झाली, तेव्हा गिरणगावातल्या कित्येक बायांनी हेच सोसले. पुढे सीमाभागातल्या सत्याग्रहींनी हिंडलग्याचा तुरुंग पाहिला. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध बेळगाव पेटले तेव्हा पुन्हा तेच. १०६ हुतात्म्यांची नावे आपण दगडावर कोरली, ते योग्यच झाले. पण ज्या बायांनी महिनोन्महिने तुरुंगाच्या फाटकावर उभे राहून दिवस काढले, त्यांची यादी कुणी केली आहे काय?

कुणी म्हणेल, “चळवळीचा कैदी वेगळा हो! पण अमका तर मारामारीत आत गेला, तमका चोरीच्या आळाखाली. त्याच्या घरी आम्ही कशाला जायचे?” गड्या, नाशिकरोडच्या तुरुंगाचे फाटक सगळ्यांना एकच आहे. त्या फाटकावर ताटकळणारी म्हातारी कुणाचीही आई असू शकते. शिवाय देशातल्या चार कैद्यांपैकी सुमारे तिघांचा खटला अजून चालायचाच आहे. गुन्हा शाबित झालेला नाही, तरी माणूस आत आहे. का? तर जामिनाला पैसा नाही, वकील नाही, विचारणारे कुणी नाही. श्रीमंताला जामीन आणि गरिबाला तारीख, हा न्याय आपण मुकाट्याने मानायचा काय?

म्हणून कायद्यातल्या चार गोष्टी गाठीला बांधून ठेवा. अटक झाली की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केलेच पाहिजे. माणूस कुठे ठेवला आहे ते घरच्यांना कळवलेच पाहिजे. ताब्यातला माणूस कितीही कमावता असो, त्याला सरकारी खर्चाने वकील मागता येतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा, दलालाच्या हातावर दमडी ठेवू नये. पहिल्याच गुन्ह्यातला कच्चा कैदी जास्तीत जास्त शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत राहिला, तर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने त्याच्या सुटकेचा विचार व्हायला हवा. इतरांना ही मर्यादा निम्म्या शिक्षेची. फाशी-जन्मठेपेच्या कलमांना आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना मात्र ही सवलत नाही. आणि भेट म्हणजे तुरुंगवाल्यांची मेहेरबानी नव्हे. महिन्यातून एकच भेट देणारा नियम सुप्रीम कोर्टाने १९८१ साली रद्द ठरवला. आप्तांना भेटणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्या कोर्टाने सांगितले.

आता भेटीचे. मुलाखतीचा दिवस आणि वेळ आधी विचारून घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा, रिकाम्या हाताने परतायची पाळी येऊ देऊ नका. काय आत नेता येते ते फाटकावर विचारा. कुणी कितीही गळ घातली तरी लपवून काही नेऊ नका. त्याची शिक्षा आतल्या माणसाला होते. ज्यांना कसारा घाट चढून किंवा मालेगावाहून एसटीने येणे परवडत नाही, त्यांनी ई-मुलाखतीसाठी नाव नोंदवावे. चाळीतल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराने ते काम आपल्या मोबाइलवर करून द्यावे.

आणि पत्र! फोन झाला म्हणून पत्र थांबवू नका. फोन मिनिटांत संपतो, पत्र उशाखाली राहते. अक्षर येत नसेल तर पोराकडून लिहवून घ्या. तुरुंगातले साहेब पत्र वाचतात, म्हणून खटल्याचे बोलणे वकिलाशी करावे आणि पत्रात घर लिहावे. पोरीला गणितात किती मार्क पडले, गळके छप्पर कुणी शाकारले, गल्लीतल्या कुत्रीला किती पिल्ले झाली, हे सगळे लिहा. वाईट बातमी दडपू नका. आई आजारी असेल तर तसे लिहा, आणि तिला दवाखान्यात कुणी नेले तेही लिहा. “पुढच्या तारखेला सुटशीलच” असे खोटे वचन मात्र देऊ नका. ती तारीख हुकली की आतला माणूस कोसळतो. लेकरांनाही “बाबा परगावी गेलाय” म्हणून फसवू नका. त्यांना शेजारच्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आईच्या तोंडून कळलेले बरे.

पण हे सारे एकट्या बाईच्या डोक्यावर टाकून आपण सभेत टाळ्या पिटत बसलो, तर ती लाजिरवाणी गोष्ट होईल. १९८२ चा संप आठवा. गावाकडून आलेल्या धान्याच्या पोत्यावर आणि शेजाऱ्याच्या उधारीवरच तो संप इतके महिने तगला होता. तीच रीत इथे लावा. प्रत्येक चाळीत, प्रत्येक मागाच्या शेडमध्ये पाळी ठरवा: या महिन्याला म्हातारीबरोबर नाशिकरोडला कोण जाणार, पोरांची फी कोण भरणार, तारखेला कोर्टात कोण हजर राहणार. बाई आत गेली असेल तर दुप्पट लक्ष द्या. नवऱ्यासाठी बायको फाटकावर उभी राहते. बायकोसाठी किती नवरे उभे राहतात, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आणि तो सुटून येईल त्या दिवशी स्टेशनवर कुणीतरी हजर असू द्या. हार नसला तरी चालेल. “चल, घरी जाऊ” एवढे म्हणणारा माणूस हवा.

सीमाभागासाठी उद्या पुन्हा तुरुंग भरायची वेळ आली, तर माणूस कशाच्या जोरावर पुढे पाऊल टाकील? आपल्या माघारी चूल विझणार नाही, या भरवशावरच ना! तो भरवसा उभा करणे हेच आजचे चळवळीचे काम आहे. जी चळवळ आपल्या कैद्याचे घर सांभाळत नाही, तिला राज्य मागायचा अधिकार नाही!

सीमाभागासह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!