प्रोसिजर ऑडिटरसाठी की भट्टीसाठी?

भोसरी-चाकणच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांनो, स्पष्टच बोलतो. भट्टीचं तापमान मोजायची तुमची प्रोसिजर कोणी लिहिली? मी पाहिलेल्या बहुतेक फायली कन्सल्टंटच्या. दुसऱ्या कंपनीचा मजकूर, वर फक्त नाव बदललेलं. आत एकच ओळ: 'एएमएस 2750 प्रमाणे करावे.' अहो, स्टँडर्ड मर्यादा सांगतं. क्लास 2 भट्टीला ±6 अंश सेल्सिअस, क्लास 5 ला ±14. ती तुमच्या भट्टीत कशी तपासायची, हे तुम्हीच लिहायचं असतं.

थर्मोकपल किती, कुठे लावायचे, कधी बदलायचे? सर्व्हे फेल झाला तर आधी निघालेल्या मालाचं काय? हे लिहिलंय? डिस्प्लेवर 850 दिसलं म्हणून कोपऱ्यातल्या गिअरला 850 मिळालंच असं नाही. तो गिअर उद्या कुणाच्या तरी गाडीत बसणार आहे.

'पेपर ओके आहेत ना, मग झालं' हे बंद करा. रात्रपाळीला भट्टी ऑपरेटर चालवतो, ऑडिटर नाही. त्याला शेजारी बसवून, मराठीत नाहीतर हिंदीत, त्याला वाचता येईल अशी प्रोसिजर लिहा. इंग्रजी प्रत ऑडिटरला द्या हवी तर.

तुमच्याकडे कोणत्या भाषेत आहे? कमेंटमध्ये खरं सांगा.