काका, कन्सल्टंट आणि सहा महिन्यांनंतरची चक्कर



शुक्रवारी रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्स पकडायची, रात्रभर मान इकडून तिकडे टाकत झोपल्याचं नाटक करायचं आणि सकाळी उदगीरहून पुढे देवणी गाठायची, हा आपला ठरलेला कार्यक्रम. आई चहा टाकते, मी अंघोळ उरकतो आणि अंगणात बसलेले काका दर वेळचा प्रश्न विचारतात, "तू तिकडं नेमकं करतूस तरी काय रे?"

आता काय सांगणार? माझ्या कार्डावर 'टेक्नॉलॉजी कन्सल्टंट' असं छापलंय. म्हटलं, "काका, लोकांची काहीतरी अडचण असते. आम्ही जाऊन बघतो आणि कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, कसं बसवायचं ते सांगतो."

"म्हंजे सल्ला देतूस."

"हो."

"मग हे तर माझंच काम झालं की!"

मी हसलो. पण गेल्या दिवाळीतला हा संवाद अजून डोक्यातून गेलेला नाही. कारण त्या वेळी माझ्या लॅपटॉपमध्ये राजीनाम्याचा मेल लिहून तयार होता. फक्त 'सेंड' दाबायचं बाकी होतं.

का? पगार बरा होता. मॅनेजर खडूस नव्हता. प्रोजेक्ट आपटलाही नव्हता. उलट 'यशस्वी' झाला होता, आणि तीच तर भानगड होती!

झालं असं, की एका कारखान्याच्या गोदामासाठी आम्ही आलेला माल नोंदवायचं अॅप केलं होतं. ट्रक आला, माल उतरला, की गोदामातल्या माणसाने टॅबवर नोंद करायची. काम वेळेत, बजेटमध्ये. क्लायंटच्या साहेबांचा कौतुकाचा मेल, त्यावर आमच्या साहेबांचा 'प्राउड ऑफ यू टीम', अप्रेझलला झकास रेटिंग. सगळं यथासांग. सहा महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या कारखान्यात जाणं झालं, म्हणून सहज गोदामात डोकावलो. टॅब कपाटात कुलूपबंद. टेबलावर जुनंच जाडजूड रजिस्टर. तिथले स्टोअरकीपर, पन्नाशीचे गृहस्थ, दिवसभर रजिस्टरमध्ये लिहीत आणि संध्याकाळी सुटायच्या आधी सगळ्या नोंदी एकदम अॅपमध्ये भरत. आम्ही चौदा रकाने सक्तीचे केले होते. त्यातल्या नऊ रकान्यांत त्यांनी नुसता पूर्णविराम टाकलेला!

"साहेब, ट्रकवाला खाली हॉर्न वाजवत उभा असतो. चौदा गोष्टी कधी भरू?" ते म्हणाले. आणि मग अगदी साधेपणाने, "तुम्ही आला होता तेव्हा विचारलं असतं तर सांगितलं असतं की."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. आम्ही या माणसाचं काम कमी केलं नव्हतं, रोजचा पाऊण तास वाढवला होता. आणि त्याबद्दल मला बढतीच्या यादीत घातलं होतं. म्हटलं, हे असंच वर्षानुवर्षं करायचं असेल तर बस्स झालं.

तर काका. देवणी हे आमच्या गावाचं नाव, पण बाहेर ते जास्त माहीत आहे गायीबैलांच्या जातीचं नाव म्हणून. अंग पांढरं आणि तोंड काळं तो वानेरा, सगळा पांढरा तो बालंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके तो शेवरा. शेतीकाम आणि दूध, दोन्हीला चालणारी ही जात. काकांना जनावर कळतं अशी पंचक्रोशीत ख्याती. कुणाला बैल घ्यायचा असला की तो काकांना सोबत घेऊन हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला जातो. काका दलाल नाहीत, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणाऱ्यांतले नाहीत. त्यांची फी म्हणजे चहा आणि जाण्यायेण्याचं भाडं.

त्या सुट्टीत मीही त्यांच्यासोबत गेलो. 'क्लायंट' होता माझ्याच वयाचा एक शेतकरी. त्याचं ठरलेलं होतं, दांडगी बैलजोडी घ्यायची. काकांनी हो-नाही काहीच केलं नाही. जीपमध्ये बसल्या बसल्या विचारत सुटले. रान किती? काळं का माळाचं? कडबा किती निघतो? नांगरट कशानं करतूस? घरी जनावराचं बघतंय कोण? उत्तरांतून निघालं ते असं, रान तीन एकर, नांगरट भावाच्या ट्रॅक्टरने होते, आणि घरात दोन लहान लेकरं असून दूध मात्र विकतचं.

"मग बैल कामून घ्यायलास? गाय बघ की," काका म्हणाले.

बाजारात मग गायीच बघितल्या. दात बघितले, खूर बघितले, चालवून बघितलं, धार काढून बघितली. मनासारखी मिळाली नाही, तर रिकाम्या हाताने परत आलो. मी म्हटलं, "काका, दिवस वाया गेला." तर म्हणाले, "वाया कसा? त्याचे जोडीचे पैसे वाचले की."

पुढे पंधरा दिवसांनी त्याने गाय घेतली. आणि महिन्याभराने काका त्याच्या शेतावर गेले, गाय रुळली का बघायला. मी विचारलं, तुम्ही तर सांगून मोकळे झाला होता, मग परत कशाला? काका म्हणाले, "गेलो नाही तर मला कसं कळावं, मी बरोबर सांगितलं का चुकीचं?"

या एका वाक्यात आमच्या धंद्याचं सगळं दुखणं आहे, असं माझं मत झालंय. आपण सल्ला देतो, गो-लाइव्ह करतो, केक कापतो आणि पुढच्या प्रोजेक्टवर जातो. सल्ला बरोबर होता का, हे आपल्याला कधी कळतच नाही. पाच वर्षांत मी अकरा प्रोजेक्ट केले. त्यातले किती आज वापरात आहेत? गोदामाचं तेवढं सांगू शकतो, तेही योगायोगाने.

कामाने माणूस सुखी कशाने होतो यावर बरंच संशोधन झालंय. १९७६ साली हॅकमन आणि ओल्डहॅम या अमेरिकन अभ्यासकांनी पाच गोष्टी मांडल्या होत्या. कामात विविधता असणं, काम अथपासून इतिपर्यंत आपल्या हातून होणं, दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग असणं, निर्णयाचं स्वातंत्र्य, आणि काम कसं झालं हे कळणं. आता आपल्याला लावून बघा. विविधता भरपूर (कधी कधी नको तितकी!). पण 'इति' दिसत नाही आणि काम कसं झालं ते कळत नाही. अप्रेझल म्हणजे ते कळणं नव्हे. तिथे आपले किती तास बिल झाले ते कळतं.

दुसरा प्रयोग अॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांचा, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला. एका अमेरिकन विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या काही मुलामुलींना एका विद्यार्थ्याशी जेमतेम पाच मिनिटं बोलू दिलं. त्या विद्यार्थ्याला अशाच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळाली होती. महिन्याभराने बघितलं, तर त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमा रक्कम १७१ टक्क्यांनी वाढली होती. ना बोनस, ना ट्रेनिंग. आपलं काम कुठे पोचतं ते एकदा डोळ्यांनी दिसलं, बस.

आता तुम्ही म्हणाल, गायीबैलांचं आणि देणग्यांचं ठीक आहे, कंप्युटरचं बोल. तर आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातलं वारणानगर. सहकारी साखर कारखान्याचा हा परिसर. १९९८ मध्ये तिथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. सत्तर गावांसाठी कंप्युटर केंद्रं, त्यातून बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी कागदपत्रं असं सगळं काही मिळणार होतं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या मंडळींनी जाऊन बघितलं, तेव्हा दिसलं की ही केंद्रं मुख्यत्वे एकाच कामासाठी वापरली जातायत. उसाचं वजन किती भरलं, तोड कधी, हिशोब किती, ही गाव आणि कारखान्यातली देवाणघेवाण! मग त्यांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. केंद्रातल्या कंप्युटरऐवजी मोबाइल आणि साधे एसएमएस. जुनी सगळी कामं त्यात झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं.

यात १९९८ वाल्यांना हसण्यासारखं काही नाही हं. तेव्हा गावात मोबाइल होता कुठे? त्या वेळी कंप्युटर हेच उत्तर बहुधा बरोबर होतं. पण बरोबर उत्तरही शिळं होतं, आणि ते परत जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. पुढे याच प्रयोगातले एक, केंटारो टोयामा, यांनी २०१५ च्या 'गीक हेरसी' या पुस्तकात मांडलं की तंत्रज्ञान मुळात माणसांची जी इच्छा आणि कुवत असते तिलाच मोठं करतं. म्हणजे ती आधी ओळखावी लागते. म्हणजे परत काकांचे जीपमधले प्रश्न!

आणि इथेच आपली गाडी अडते. मी लातूर पॅटर्नमधला मुलगा. हजारो सराव प्रश्न सोडवले, प्रश्न पुरता वाचायच्या आत उत्तर तयार. त्या सवयीने इंजिनिअरिंगला पोचवलं, तिचे उपकारच आहेत. पण परीक्षेत प्रश्न छापून येतो. क्लायंटकडे तो शोधावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो कॉन्फरन्स रूममध्ये नसतोच. खाली, हॉर्न वाजवणाऱ्या ट्रकजवळ असतो.

सिनिअर मंडळी सल्ला देतात, सर्टिफिकेशन कर, क्लाउड शीक, एआय शीक, साहेबांच्या नजरेत राहा. ते चूक नाही. त्याने नोकरी टिकते, पगार वाढतो, आणि फ्लॅटचा हप्ता समाधानाने भरता येत नाही हे मलाही कळतं. रात्री अकराचे कॉल, बेंचची भीती, या गोष्टीही खऱ्या आहेत. त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण सगळं नीट चाललेलं असताना जी पोकळी वाटते ना, ती सर्टिफिकेटने भरत नाही.

"पण परत जायचं बिल कोण देणार?" हा प्रश्न मला आमच्या मॅनेजरनेही विचारला. प्रश्न रास्त आहे. म्हणून मी आता तीनच गोष्टी करतो. पहिल्या आठवड्यातला एक अख्खा दिवस ज्याला ते सॉफ्टवेअर वापरायचंय त्याच्या शेजारी बसतो, बोलायचं कमी, बघायचं जास्त. नको असलेली गोष्ट 'नको' म्हणून सांगतो, निदान एकदा तरी, लेखी. आणि प्रोजेक्टच्या प्लॅनमध्येच तीन महिन्यांनंतरची एक दिवसाची भेट टाकून ठेवतो. एका दिवसाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. म्हटलंच, तर एक फोन करतो. फोनला बिल लागत नाही.

सुरुवात गोदामापासूनच केली. एका शुक्रवारी सकाळपासून शेवटचा ट्रक जाईपर्यंत त्या स्टोअरकीपरांच्या शेजारी बसलो. ट्रकमागे ते रजिस्टरमध्ये मोजून पाच गोष्टी लिहीत होते. आता अॅपमध्ये पाचच रकाने सक्तीचे आहेत, बाकीचे ऑफिसवाले नंतर बिलावरून भरतात. बदल दोन दिवसांचा, परवानग्या तीन आठवड्यांच्या! याबद्दल ना मेल आला, ना रेटिंग वाढलं. गेल्या महिन्यात फोन केला तर म्हणाले, "टॅब बाहेर काढलाय. रजिस्टर पण ठेवलंय हां, लाइट गेली तर असावं." मी म्हटलं, ठेवा.

राजीनाम्याचा मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. डिलीट केलेला नाही, उगाच शौर्य दाखवत नाही. पण बरेच दिवस उघडलेलाही नाही.

आज सकाळी काकांनी विचारलं, "रुळलं का मग तुझं?"

"रुळायलंय," म्हटलं.

असो. रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायचीय, आई दशम्या बांधून देतेय.