282 गुणांचा सत्कार

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या पडेगावात फ्लेक्स लागतात. 'गुणवंत विद्यार्थ्यांचा भव्य गुणगौरव सोहळा'. वर तथागत, बाबासाहेब आणि रमाई, खाली येत्या निवडणुकीतल्या इच्छुकांचे हात जोडलेले फोटो, आणि तळाशी बारीक अक्षरात एक अट : 80 टक्क्यांच्या पुढील विद्यार्थ्यांनीच गुणपत्रिकेची झेरॉक्स जमा करावी.

आमचा वाद या अटीशी आहे.

1907 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक मुलगा मॅट्रिक झाला. त्याला 750 पैकी 282 गुण मिळाले होते. टक्केवारी काढा, 37.6 भरते. आजच्या भाषेत 'काठावर पास'. पण अस्पृश्य समाजातला पोरगा मॅट्रिक झाला म्हणून त्याच्या सत्काराची सभा भरली. अध्यक्षस्थानी सी. के. बोले होते. गुरुवर्य केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात ठेवले. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. पडेगावच्या फ्लेक्सवरच्या अटीत बाबासाहेब बसत नाहीत. ज्यांचा फोटो वर छापला, त्यांनाच खालच्या ओळीत नापास केले, हे आयोजकांच्या लक्षात तरी येते का?

सत्कारावर गोष्ट थांबली नाही. केळुस्करांनी पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि बी.ए.साठी महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 साली कोलंबिया विद्यापीठासाठी बडोदा संस्थानाने महिना साडेअकरा पौंड दिले. म्हणजे 282 गुणांच्या मागे आधी समाज उभा राहिला, मग पैसा उभा राहिला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या त्यानंतर आल्या. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला आहे. आधी 90 टक्के आण, मग शाल-ट्रॉफी देऊ. ज्याला हात द्यायची खरी गरज आहे, तो 52 टक्केवाला पोरगा मंडपाच्या मागे खुर्च्या लावत असतो.

दरवर्षी 14 एप्रिलच्या निमित्ताने सलग 18 तास अभ्यासाचा उपक्रम होतो. त्यामागच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. पण एका दिवसाचे ते अभिवादन वर्षभर चाबूक म्हणून वापरले जाते, त्याला आमचा विरोध आहे. 'बाबासाहेब 18 तास अभ्यास करायचे, तुला चार तास बसवत नाही?' हा प्रश्न पडेगावातल्या किती घरांत रोज विचारला जातो! विचारणारा बाप वाळूजच्या कंपनीत कंत्राटी कामगार, आई चार घरची धुणीभांडी करून आलेली. त्यांचा राग आम्हाला कळतो. आपल्या वाट्याला आले ते लेकराच्या वाट्याला येऊ नये, एवढीच त्यांची तळमळ. पण पत्र्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, एक बल्ब आणि शेजारी लग्नाचा डीजे असताना 18 तास कुठे बसायचे, याचे उत्तर कुणी देत नाही.

कुणी म्हणेल, बाबासाहेबही परळच्या चाळीत एका खोलीतच शिकले. खरे आहे. पण स्वतःच्या हातात साधन आले तेव्हा त्यांनी काय केले, तेही बघा. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि 1925 साली तिने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, 1944 साली, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 साली आपल्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यातल्या पोरांना त्यांनी 'चाळीत शिका, मी शिकलो' असे सांगितले नाही. नागसेनवनात कॉलेज दिले, राहायला वसतिगृह दिले. आपण भोगलेले हाल त्यांनी पुढच्या पिढीसाठी आदर्श ठरवले नाहीत, ते हाल संपवायला ते निघाले होते.

पडेगावचा पोरगा छावणी ओलांडून त्याच नागसेनवनाकडे जातो. पण त्याची कोंडी वेगळीच आहे. गावाकडून शहरात आलेल्या विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृह किंवा ते न मिळाल्यास स्वाधार योजनेचे पैसे, निदान कागदावर तरी आहेत. स्वाधारला स्थानिक रहिवासी चालत नाही आणि पडेगाव महापालिकेच्या हद्दीत येते. म्हणजे शासनाच्या लेखी या पोराला घर आहे! त्या घरात पुस्तक उघडायला जागा आहे का, हा रकाना कुठल्याच अर्जात नसतो.

आता बाजाराकडे या. 2024 साली नीटसाठी सुमारे 24 लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे 1 लाख 8 हजार. 22 जणांमागे 1 जागा. उरलेले 21 बाहेर राहणार, हे पेपर छापायच्या आधीच ठरलेले असते. पण घरी येणारा पोरगा म्हणतो, 'मी कमी पडलो.' जागा कमी पडल्या, असे त्याला कुणी शिकवलेलेच नाही. त्याच वर्षी पेपर फुटला, तपास लातूरपर्यंत आला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्या शर्यतीत पैसेवाल्याला प्रश्नपत्रिका आधी मिळू शकते, त्या शर्यतीच्या निकालाला 'मेरिट' म्हणायचे आणि आरक्षणातून आलेल्याकडे संशयाने पाहायचे, हा मनुवादी कावा तरुणांनी ओळखला पाहिजे.

आणि सगळ्यांनी सायन्सच का घ्यायचे? बाबासाहेबांचे विषय अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि कायदा. आज एखाद्या मुलीने अकरावीला आर्ट्स घेतले की 'हुशार होती, वाया गेली' म्हणणारे त्यांच्याच जयंतीच्या कमिटीत असतात. आमचे म्हणणे एवढेच, डॉक्टर व्हायचे तिला डॉक्टर होऊ द्या, पण कर्ज काढून, दागिने मोडून, मुलीला न विचारता नको.

या दबावाची किंमत जिवाने मोजली जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले 1,764 महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. 25 जुलै 2025 रोजी सुकदेब साहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर देशभरासाठी निर्देश दिले. गुणांवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या बॅचेस शक्यतो करू नयेत, चारचौघांत अपमान करू नये, 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने समुपदेशक नेमावा. किती क्लासवाल्यांना याची माहिती आहे? किती कार्यकर्त्यांनी हा निर्णय हातात घेऊन क्लासच्या दारात जाब विचारला? पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी निवेदन देणारे हात याही निवेदनावर सही करू शकतात.

'मग पोरांनी अभ्यास करायचाच नाही का?' असा प्रश्न येईलच. करायचा, कसून करायचा. शिक्षणाशिवाय आपल्याला दुसरी वाट नाही. पण बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले ते समाजालाही उद्देशून होते. लेकराने शिकायचे आणि समाजाने फक्त निकाल तपासायचा, अशी ती वाटणी नव्हती.

म्हणून पडेगावातल्या आणि प्रत्येक वस्तीतल्या मंडळांपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

पहिली : सत्काराची टक्केवारीची अट काढा. पास झालेल्या प्रत्येकाला बोलवा. नापास झालेल्याच्या घरी जा आणि पुरवणी परीक्षेचा अर्ज भरून घ्या. त्या दिवशी ट्रॉफीपेक्षा तो अर्ज मोलाचा असतो.

दुसरी : जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा पैसा अभ्यासिकेला द्या. विहार संध्याकाळी सात ते अकरा उघडे ठेवा. लाइट, पंखा, पाणी, पन्नास खुर्च्या आणि मुलींना घरापर्यंत सोडणारे दोन जबाबदार माणसे, एवढ्यावर सुरुवात होते.

तिसरी : मे-जूनमध्ये विहारात एक टेबल टाका. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, महाडीबीटीचा अर्ज, अकरावीचे ऑनलाइन पसंतीक्रम या कामांत शिकलेल्यांनी महिनाभर बसावे. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याकडे प्रवेशावेळी कॉलेजने शिक्षण शुल्क मागितले तर त्याच्यासोबत कार्यालयात जाऊन उभे राहा. एकट्या बापाला खिडकीवरून हाकलतात, दहा जणांना हाकलता येत नाही.

चौथी : शहरी वस्तीतल्या विद्यार्थ्यांसाठी महापालिकेच्या अभ्यासिका आणि स्वाधारच्या स्थानिकतेच्या अटीत बदल, या दोन मागण्या मोर्चाच्या पत्रकात वरच्या ओळीत घ्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच. गुणपत्रिका हा एका परीक्षेचा हिशोब आहे, तुमच्या माणूसपणाचा नाही. जीव घुसमटत असेल तर गप्प बसू नका. मित्राला सांगा, विहारात या, 14416 या टेली मानस क्रमांकावर बोला, तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

पुढच्या निकालाला पडेगावात फ्लेक्स लागेल तेव्हा त्यावर टक्केवारीची अट नसावी, आणि फ्लेक्समागच्या विहारात रात्री अकरापर्यंत दिवा चालू असावा. 282 गुणांच्या त्या मुलाला केलेले हेच खरे अभिवादन होईल.

जय भीम! जय संविधान!