तांबी ‘पडली’ की हरवली?



जनता वसाहतीतल्या आमच्या बैठकीत एक ताई दोन वर्षं ओटीपोट दुखतंय म्हणून सांगत होत्या. बाळंतपणानंतर दीड महिन्याने त्यांनी तांबी बसवून घेतली होती. पुढे तपासणीत दोरा लागेना. “पडली असेल,” असं सांगून दवाखान्यात दुसरी बसवली. मी त्यांच्याबरोबर एक्स-रे काढायला गेले, तर फिल्मवर दोन तांब्या! सोनोग्राफीत कळलं, एकच पिशवीत आहे. पहिली पोटात गेली होती, ती दुर्बिणीच्या ऑपरेशनने काढावी लागली. घरी सासूबाईंचं म्हणणं, “हिनेच जड हंडे उचलले, म्हणून सरकली.”

हा दोष बाईच्या माथी मारणं थांबवलं पाहिजे. पिशवीला छिद्र पडतं ते बहुतेक वेळा तांबी बसवतानाच. असं हजारात एखाद-दोघींच्या बाबतीत होतं. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत, अंगावर पाजत असताना हा धोका वाढतो. पोटात गेलेली तांबी आतड्याला इजा करू शकते. मूत्राशयात शिरली तर तिच्यावर खडा धरतो. कित्येकदा काहीच दुखत नाही, आणि दिवस राहिल्यावरच शंका येते.

आम्ही तांबीच्या विरोधात नाही. ‘३८० ए’ तांबी १० वर्षं चालते, रोज गोळी आठवावी लागत नाही, हवी तेव्हा काढता येते. पण १९६५ साली सरकारी कार्यक्रमात लूप आला, तेव्हा आकडे गाठण्याच्या घाईत बायकांचा त्रास ऐकायचा राहून गेला आणि लूपची धास्तीच पसरली. १९९६ साली केंद्र सरकारने उद्दिष्टं मागे घेतली. तरी किती बसवल्या हे विचारणारे पुष्कळ, बसवलेलीचं पुढे काय झालं हे विचारणारे थोडे.

म्हणून आमचा आग्रह आहे: तांबी पडलेली कुणी डोळ्यांनी पाहिली नसेल, तर ‘पडली’ असं लिहू नये. दोरा लागला नाही, तर आधी दिवस राहिलेत का ते तपासावं, मग सोनोग्राफी करावी. पिशवीत दिसली नाही, तर पोटाचा एक्स-रे काढावा. हा खर्च बाईच्या पदरात पडू नये. तोवर दुसरी तांबी बसवू नये, निरोध वापरावा. प्रत्येकीला तांबीचा प्रकार आणि तारीख लिहिलेलं कार्ड मिळावं.

आपापल्या गटात हा विषय काढा. ‘पडली’ म्हणून सांगितलेल्या किती जणींचा एक्स-रे झाला, एवढं विचारा आणि आम्हाला कळवा.