हरलो आपण, पण खोटा पेपर?

मॅच हरलो की आपल्या हॉस्टेलमध्ये पहिली शिवी रेफरीला आणि दुसरी पेपरवाल्याला. "बायस्ड आहे रे तो!"

अमेरिकेतल्या कॉलेजांतही हेच. तिथलं फुटबॉल म्हणजे बॉल हातात घेऊन पळायचं, पण वेड आपल्या क्रिकेटएवढंच.

२० नोव्हेंबर १९८२. बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ विरुद्ध स्टॅनफर्ड. या मॅचचं नावच 'बिग गेम'. चार सेकंद उरलेले, स्टॅनफर्ड २०-१९ ने पुढे. बर्कलीच्या पोरांनी पाच वेळा बॉल एकमेकांकडे टाकला, मॅच संपली समजून मैदानात घुसलेल्या स्टॅनफर्डच्या बँडमधून वाट काढली आणि २५-२० ने जिंकले!

मग स्टॅनफर्डच्या विद्यार्थी-पत्रकारांनी काय करावं? बर्कलीच्या विद्यार्थी दैनिकाचा बनावट अंक छापला आणि चार दिवसांनी त्यांच्याच कॅम्पसवर वाटला. बातमी काय, तर निकाल फिरला, स्टॅनफर्ड विजयी!

वाचून मी खूप हसलो. नंतर वाटलं, त्यांनी आपल्या सगळ्यांचीच पोल उघडी केली. फॅनला बातमी नको असते, मनासारखा निकाल हवा असतो.

गेल्या वर्षी याच मॅगझिनमध्ये एकाने लिहिलं, की प्रॅक्टिसला पाच-सहाच जण येतात म्हणून आपण हरलो. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. तरी मेसमध्ये आठवडाभर त्याच्याशी कोणी बोललं नाही.

त्या न बोलणाऱ्यांत मीही होतो. सॉरी यार.